दोन खरी वाक्यं, एक खोटं

"तांबवेकर मॅडम, तुम्ही पिंपळ व्हा," केयूरदादा म्हणाला.

मी म्हटलं, "मी विज्ञान शिकवते."

"तेच तर! झाड म्हणजे विज्ञानच की. हात वर घ्या, बोटं हलवा, सळसळ येऊ दे. हं, मस्त! आता गुरव सर वारा होतील."

गणिताच्या गुरव सरांचे गुडघे गेलेले. फळ्यासमोर उभं राहायचं म्हटलं तरी ते टेबलाला धरायचे. ते बिचारे दोन्ही हात पसरून, तोंडानं फूं फूं करत माझ्याभोवती फिरायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. इतकी वर्षं एका खोलीत डबा खाल्लेली आम्ही दोन माणसं, पण त्या दिवशी एकमेकांची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. 

केयूरदादा आम्हा शिक्षकांना शिकवायला पुण्याहून आला होता. वय तिशीचं, अंगात खादीचा कुर्ता, मनगटावर रंगीत दोऱ्यांचा गुंता. आल्याबरोबर त्यानं बजावलं होतं, "मला सर म्हणायचं नाही. सर म्हटलं की मध्ये भिंत उभी राहते." त्याची संस्था शाळाशाळांतून आइसब्रेकर शिकवत हिंडायची. तास सुरू करण्याआधी घ्यायचे छोटे छोटे खेळ, म्हणजे मुलांचा संकोच जातो, त्यांना वर्गात रस वाटायला लागतो. "मुलांच्या आणि आपल्यामध्ये बर्फ असतो," तो हातानं हवेत दाखवायचा, "तो आधी फोडायचा." आमच्या गावात बर्फ दिसायचा तो जत्रेत, गोळेवाल्याच्या गोणपाटाखाली. पण हे त्याला कोण सांगणार?

खेळांशी माझं वाकडं नव्हतं. भिंगानं कागद जाळून दाखवला की माझा अख्खा वर्ग जागेवरून उठायचा, आणि मी उठू द्यायची. मला किळस यायची ती हुकमी आनंदाची. त्याचं मूळ होतं आमच्या हेडमास्तरांत, माळवदे सरांत. त्यांनी जूनपासून शाळेत टाळ्यांचं खूळ आणलं होतं. बरोबर उत्तर आलं की रॉकेट टाळी, पाहुणे आले की पाऊस टाळी, कुणाचा वाढदिवस असला की पापड टाळी. रॉकेट टाळीत मुलं तळवे घासायची, तोंडानं "सुंऽऽऽई" करत हात वर न्यायची आणि शेवटी एकदम एक टाळी मारायची. परिपाठात तापानं एक मुलगी चक्कर येऊन पडली, तिला उचलून आत नेल्यावरसुद्धा सवयीनं टाळी वाजली होती. माळवदे सर सदा बडीशेप चघळत, हसतमुखानं व्हरांड्यातून फिरायचे आणि म्हणायचे, "आनंद दिसला पाहिजे, मॅडम. वाटणं वेगळं, दिसला पाहिजे."

तर त्या दिवशी दुपारी दहावीच्या वर्गावर केयूरदादा आइसब्रेकरचा नमुना पाठ घेणार होता आणि तो बघायला लोखंडे साहेब येणार होते. हे आमचे विस्तार अधिकारी. साहेब खूश झाले की तालुक्यातली नमुना शाळा आमची, असं माळवदे सरांच्या मनात पक्कं होतं. दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर आलेली, पोरं निम्मी घरीच. म्हणून सरांनी सकाळीच शिपायाला घरोघरी पाठवलं होतं. दहावीतलं एकही मूल कमी दिसता कामा नये.

त्यामुळेच वर्षाराणी निकम त्या दिवशी शाळेत आली. नाहीतर आली नसती.

हिची गोष्ट सांगायची तर आमच्या भागाबद्दल सांगायला हवं. विट्याच्या आसपासचे आमच्याकडचे पुरुष गलाईला जातात. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं-चांदी काढायचं हे काम. सेलम, मदुराई, कोइमतूर, कुठं कुठं भट्ट्या टाकून बसलेले असतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. पुरुष दिवाळीला येतात आणि वर्षभराची कामं तेवढ्यात उरकतात. घरावरचे पत्रे बदलणं, देवदेव, भावकीतली भांडणं, आणि मुलींची लग्नं.

वर्षाराणी पंधरा वर्षांची होती. तिचे आईवडील सेलमला, ती आज्जाकडं. वर्गात माझ्या तासाला मला अडवणारी ती एकटीच. "बाई, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वरचं-खालचं का न्हाई?" असलं काहीतरी विचारायची आणि मला घरी जाऊन पुस्तकं उघडायला लावायची. नवरात्रापासून ही पोर गप्प झाली. तिच्या मैत्रिणी कुजबुजल्या, "बाई, तिला बघून गेल्यात. सेलमचाच पोरगा हाय, भट्टी हाय त्याची." मी तिला तासानंतर थांबवून विचारलं. ती फरशीकडे बघत राहिली.

मग मी माळवदे सरांकडे गेले.

"छे छे, मॅडम," सर म्हणाले होते. "मी स्वतः तिच्या आजोबांशी बोललोय. तसलं काही नाही. आणि तुम्हीही कुठं बोलू नका. मुलीची जात आहे, उगीच नाव खराब व्हायचं."

हेडमास्तर स्वतः बोललेत म्हटल्यावर मी काय करणार? पण दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायचीच बंद झाली. आजारी आहे, असा निरोप. आणि मला एक पक्कं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत जी मुलगी सेलमला गेली, ती पुन्हा आमच्या शाळेत कधी बसलेली मी बघितली नव्हती. तिच्याकडून काहीतरी कळायला माझ्या हातात तो एक दिवस होता. तो दिवस मला पिंपळ होण्यात घालवायला लागला.

दुपारी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. बाकं बाहेर काढली, कारण बाकांमुळे म्हणे दडपण येतं. मुलं गोल बसली. भिंतीकडेला खुर्च्यांवर लोखंडे साहेब, माळवदे सर आणि आम्ही शिक्षक. साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार तसाच होता. काढला असता तर फोटोत दिसला नसता.

पहिला खेळ नावांचा. आपल्या नावाच्या आधी त्याच अक्षरानं सुरू होणारं विशेषण लावायचं. हसरी हर्षदा, सुंदर सुरज, असं गोलात सुरू झालं. वर्षाराणीची पाळी आली तशी ती गप्प.

"लाजू नकोस! मी सांगू?" केयूरदादा तिच्यासमोर उकिडवा बसला. "वाचाळ वर्षाराणी! बघ, आता बोलावंच लागणार."

पोरं हसली. रॉकेट टाळी झाली. वर्षाराणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आता माझा सगळ्यात लाडका खेळ," केयूरदादा उभा राहिला. "दोन खरी, एक खोटं. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची. दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी हात वर करून ओळखायचं, खोटं कुठलं. आणि शेवटी ज्याचा डाव आहे त्यानं स्वतः सांगायचं. पण एक पवित्र नियम. या वर्तुळातलं बोलणं वर्तुळातच राहणार. कबूल?"

"कबूऽऽल!"

त्यानं स्वतःपासून सुरुवात केली. तो अकरावीत नापास झाला होता, त्याला साप पकडता येतात, आणि त्याला वांगं आवडतं. साप खोटे निघाले. साहेब खो खो हसले. मग मुलांनी जी काय घासून गुळगुळीत झालेली वाक्यं सांगितली ती ऐकून झोप यावी. मला आंबा आवडतो, मला भात आवडतो, मला विमान चालवता येतं. टाळी. मला बहीण आहे, मला भाऊ आहे, मला शिंगं आहेत. टाळी. केयूरदादा प्रत्येकाला "वा! काय मोकळेपणा!" म्हणत होता. मी घड्याळाकडे बघत होते.

"अजून कोण? स्वतःहून कोण?"

वर्षाराणीनं हात वर केला.

ती उभी राहिली. पोरांशी बोलताना ती गावाकडचं बोलायची, पण आता वक्तृत्वाला उभी राहावी तशी पुस्तकातलं बोलली. एकेक वाक्य सुटं, सावकाश.

"मला विहिरीत पोहायला येतं. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. आणि आपल्या हेडसरांना यातलं काहीही माहीत नाही."

गोल एकदम थंड झाला. सतरंजीवर बसलेल्या एकाही पोरानं शेजाऱ्याकडे बघितलं नाही. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं, हे मला त्यांच्या मानांवरूनच कळलं.

"अरे वा! जबरदस्त!" केयूरदादानं हात चोळले. "असं पाहिजे, चटपटीत! चला, पहिलं खोटं कुणाला वाटतं?"

एकही हात वर गेला नाही.

"दुसरं?"

"दुसरं, दुसरं!" माळवदे सर खुर्चीतूनच ओरडले. बडीशेप गालात तशीच होती. "दुसरंच खोटं आहे हो. फार विनोदी आहे पोरगी. घ्या, पुढचा घ्या."

लोखंडे साहेबांनीही हसत हात वर केला. "माझंही मत दुसऱ्याला. दहावीच्या मुलीचं कुठं लग्न असतं?" असं म्हणून त्यांनी माळवदे सरांकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. दोन माणसं एखाद्या गोष्टीवर चादर ओढतात तेव्हा अशी बघतात. साहेबांनाही कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच हात वर गेला होता.

"बहुमतानं दुसरं खोटं!" केयूरदादानं जाहीर केलं. "वर्षाराणीसाठी रॉकेट टाळी!"

आणि टाळी झाली. जूनपासूनची सवय. खाली माना घातलेल्या त्या मुलांनी तळवे घासले, "सुंऽऽऽई" केलं, हात वर नेले आणि टाळी मारली. मधोमध ती पोरगी उभी.  माणसांची किळस येते असं आपण सहज म्हणतो, पण मला ती खरोखर पोटातून आली. झुरळ पडलेला चहा पिऊन झाल्यावर कळावं, तशी.

"बस, बाळ," माळवदे सर म्हणाले.

वर्षाराणी बसली नाही.  तिचे ओठ नुसते विलग झालेले मला दिसले.

मी उठले. "केयूरदादा," मी म्हटलं. त्याला दादा म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "तुमचा नियम काय होता? शेवटी कुणी सांगायचं?"

"मॅडम, वेळ नाही," माळवदे सर घाईनं म्हणाले. "साहेबांना पुढं जायचंय."

"नियम मी त्यांना विचारला, सर. तुम्हाला नाही."

केयूरदादा गोंधळला. पण त्याच्या खेळाचा प्रश्न होता, आणि खेळाच्या बाबतीत हा माणूस भक्त होता. "हो, तसा नियम आहे," तो म्हणाला आणि वर्षाराणीकडे वळला. "ज्याचा डाव, त्यानं सांगायचं. सॉरी ताई. सांग, खोटं कुठलं?"

वर्षाराणीनं हेडसरांकडे बघितलं. सरळ तोंडाकडे.

"तिसरं," ती म्हणाली.

आणि बसली.

केयूरदादानं बोटांवर मोजलं. मी डोळ्यांनी बघितलं, त्यानं खरोखर मोजलं. "तिसरं खोटं… म्हणजे पहिली दोन खरी… अरे, म्हणजे तुला विहिरीत पोहायला येतं! क्या बात है! पाऊस टाळी होऊन जाऊ दे!"

त्यानं एक बोट तळव्यावर आपटत स्वतःच सुरुवात केली. टक टक टक. मुलांचे हात मांडीवरून हलले नाहीत. तो एकटाच वाजवत राहिला आणि मग त्याचंही बोट थांबलं.

लोखंडे साहेबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. "चला, चहा घेऊ," ते म्हणाले.

हेडमास्तरांच्या खोलीत चहा नव्हता, श्रीखंड-पुरी होती. साहेबांसाठी विट्याहून मागवलेली. मी वर्षाराणीला गुरव सरांजवळ बसवलं, तिला कुणाबरोबरही घरी सोडायचं नाही असं त्यांना सांगितलं, आणि मागोमाग आत गेले. माळवदे सर साहेबांना आणि केयूरदादाला ताटं वाढत होते. 

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मॅडम, बसा. पुरी घ्या."

"मला तुम्ही सांगितलंत, तसलं काही नाही."

"अहो, मी म्हातारबाला समजावलं की!" सर कळवळून म्हणाले. "म्हटलं, आत्ता नको, शाळा चालू असताना बोभाटा होईल. सुट्टी लागू द्या, मग बघा काय ते. अजून काय करायचं मी? पत्रिका घेऊन आला होता तो, हाकलून द्यायचं का? गावात राहायचंय मला."

"म्हणजे सुट्टीत उरका म्हणालात."

"असं नाही म्हणालो. तुम्ही शब्द धरता."

लोखंडे साहेब श्रीखंड चाटत होते. त्यांनी बोट पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, खेळात बोललेल्याला काही अर्थ नसतो. तुमची तक्रार असेल तर लेखी द्या. सुट्टीनंतर बघू. आणि शाळेचं नाव कुठं येणार नाही एवढं पाहा. चांगली शाळा आहे ही, वातावरण आनंदी आहे."

मी पर्समधून फोन काढला आणि त्या तिघांच्या देखत एक शून्य नऊ आठ लावला. मुलांच्या मदतीचा तो क्रमांक आमच्याच व्हरांड्यात भिंतीवर रंगवलेला होता, सूर्यफुलांच्या नक्षीत. माळवदे सर "मॅडम, मॅडम" करत पुढे आले. त्यांच्या हातातलं श्रीखंडाचं पातेलं माझ्या साडीला लागलं. मी मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, गाव सांगितलं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांची नावंही सांगितली. साहेब ताट ठेवून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, जणू ते या खोलीत नव्हतेच.

मी बाहेर पडले तसा केयूरदादा मागे आला. त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

"मॅडम, एक बोलू? राग मानू नका. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, वर्तुळातलं वर्तुळात राहणार. मुलांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. तुम्ही ते बाहेर नेलंत. अशानं मुलं पुन्हा मोकळी नाही हो होत."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेच्या आवारात मी तसे शब्द त्याआधी कधी वापरले नव्हते आणि त्यानंतरही नाही. मग नळाशी जाऊन मी ओकले. सकाळचे पोहे, दुपारचा चहा, सगळं.

पुढचं सगळं एकदम गोड झालं असं समजू नका. बालकल्याणवाले आणि पोलीस आले ते अंधार पडायच्या आत. आज्जानं शाळेच्या फाटकात उभं राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वडील दोन दिवसांनी सेलमहून आले, त्यांनी अठरा वर्षांपर्यंत लग्न करणार नाही असं पोलिसांसमोर कबूल केलं, आणि पोरीचं तोंड बघणार नाही असंही त्याच दमात सांगितलं. वर्षाराणी सांगलीच्या वसतिगृहात राहिली, तिथूनच दहावी झाली, पुढे नर्सिंगला गेली. माळवदे सरांची बदली नाही झाली, चौकशी नाही झाली. ते सन्मानानं निवृत्त झाले आणि निरोप समारंभात त्यांना पाऊस टाळी मिळाली. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. पोलिसांची जीप यायला वेळ होता. शाळा रिकामी झाली होती. मी आणि वर्षाराणी पायरीवर बसलो होतो, गुरव सर फाटकाशी राखणीला. मी तिला माझ्या डब्यातली पोळी दिली. ती खात होती.

"मी तुला विचारलं होतं, वर्षा," मी म्हटलं. "तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

तिनं घास गिळला. "तुमी हेडसरांस्नी इचारलं असतं."

"हो. विचारलं असतं."

"इचारलंच की तुमी. मी न सांगताच इचारलं." तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याच सांजेला सर आमच्या घरी आलं. म्हनलं, पोरीनं बाईंपाशी तोंड उघडलंय वाटतं. सर गेल्यावर आज्जानं माझं दप्तर चुलीत घातलं."

 ती पोळीचा तुकडा मोडत राहिली.

"मग आज?" मी विचारलं. "आज तर सगळेच होते. सरही समोर होते. भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर त्यो दादा म्हनला न्हवं, एक खोटं बोलायचं म्हनून. मग म्हनलं, बगू बोलून. कुनी ऐकलं तर ऐकलं."

"आणि कुणीच ऐकलं नसतं तर?"

"मग म्हनले असते, दुसरंच खोटं हाय," वर्षाराणी म्हणाली. "सर बस म्हनलं तवा तेच म्हनाया तोंड उघडलं हुतं मी, तेवढ्यात तुमी उठला."